बांधाची ओल

आमच्या गावचं तळं मातीच्या बांधानं अडवलेलं आहे असं सरकारी दप्तरात लिहिलेलं होतं, पण ते काही खरं नव्हे. ते तळं आमच्या मामेसासऱ्यांनी अडवून धरलं होतं. निदान त्यांचा स्वतःचा तसा समज होता, आणि पावसाळ्यात पाणी काठोकाठ आलं की गावालाही तसंच वाटू लागे. मामेसासरे म्हणजे आमच्या मंडळींचे सख्खे मामा. निजामाच्या राज्यात ते या तळ्याचे दारोगा होते. दारोगा म्हटलं की डोळ्यांपुढं मिशा आणि चाबूक उभा राहतो. मामांकडे दोन्ही नव्हतं. अंगानं काटकुळे, गळ्यात लिंग, कपाळाला विभूती आणि चेहऱ्यावर कायम घरी काहीतरी विसरून आल्यासारखा भाव. काम एवढंच, की रोज बांधावर फेरी मारायची, भोकं बुजवायची, झुडपं उपटायची, पाणी सोडायची मोरी सांभाळायची आणि महिन्याच्या महिन्याला बांधाची हालत कशी आहे ते तालुक्याला लिहून कळवायचं. या शेवटच्या कामाला त्यांना मी लागे. मामा उर्दू बोलत, पण लिहीत नसत. मी त्या गावच्या शाळेत मास्तर होतो आणि उस्मानाबादेत शिकताना उर्दू गिरवून आलो होतो. नोकरी सासरवाडीपासून लांब बघावी असं शहाणी माणसं सांगतात. मी बायकोच्या आजोळीच जाऊन पडलो होतो.

बांध फार जुना. कुणी घातला हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ज्याला विचारावं तो आपल्या आज्याच्या आज्याचं नाव घेई. आतल्या बाजूला दगड बसवलेले, बाहेरच्या बाजूला नुसती माती आणि गवत, पायथ्याशी तळ्याच्या पाण्यावर पोसलेले मळे आणि मळ्यांना लागूनच गाव. बांधाच्या टोकाशी मामा वहाणा काढून ठेवत आणि अनवाणी चालू लागत. नव्या माणसाला ही भक्ती वाटे. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं आणि मी हात जोडले, तेव्हा मामा म्हणाले, "जावईबापू, ओल डोळ्याला दिसाय लागली म्हंजी लई पुढं गेली समजा. तळपायाला आदी कळतंय." तळपायानं शंका काढली की ते वाकून चिमूटभर माती जिभेवर ठेवत. त्यांच्या मते आमच्या गावात विहिरीचं पाणी मचूळ आणि तळ्याचं गोड, त्यामुळं ओल कुठली हे चवीनं कळायलाच हवं. मग ते बराच वेळ तोंड हलवत उभे राहत आणि शेवटी म्हणत, "गोड लागायलंय. पन म्या सकाळी गूळ बी खाल्ला व्हता."

कशालाही हो किंवा नाही म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "दारोगा, बांध कसा हाय?" असं कुणी विचारलं की ठरलेलं उत्तर, "आज तर हाय." लोक हसत. मामा थट्टा करत नसत, त्यांना खरोखरच उद्याचं ठाऊक नसे. एकदा आम्ही सगळे तुळजापूरला गेलो. देवीच्या दर्शनाआधी गोमुखाखाली अंघोळ करायची म्हणून माणसांची रीघ लागली होती. मामांची पाळी आली तर हे पाण्याखाली जाईनात, दगडी गाईच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिले आणि मागच्या पुजाऱ्याला म्हणाले, "हे कुटनं येतंय, कुनी बगितलंय का?" पुजारी म्हणाला, "देवीची कृपा." मामा म्हणाले, "ते व्हय, पन भिंतीच्या आत काय चाललंय?" पुजाऱ्यानं त्यांच्या डोक्यावर हात ठेवून त्यांना धारेखाली ढकललं. परतीच्या वाटेवर बैलगाडीत ते त्याच एका प्रश्नावर बोलत होते, आणि कबूल करायला हरकत नाही, तेव्हापासून मलाही गोमुखाखाली निश्चिंतपणे अंघोळ करता आलेली नाही. मामांशी तासभर बोलून उठलं की ज्या गोष्टी आपण धरून चालतो त्यांचाच संशय येऊ लागे.

खेकडे हे त्यांचे जन्माचे वैरी. खेकडा बांध पोखरतो आणि त्याच्या भोकातून पाणी वाट काढतं, हे त्यांचं म्हणणं अगदी बरोबर होतं. पण मामांना मुंगीही मारवत नसे. म्हणून ते खेकडे पकडून बादलीत घालत आणि दीड कोसावरच्या ओढ्यात नेऊन सोडत. काही दिवसांनी त्यांना वाटू लागलं की हे खेकडे परत येतात. "चेहरा वळखीचा वाटायलाय," असं एका खेकड्याबद्दल ते मला म्हणाले. खात्री करून घ्यावी म्हणून त्यांनी मामींच्या वातीच्या सुताला हळद लावून एकाच्या नांगीला बांधलं. पंधरा दिवसांनी पिवळ्या सुताचा खेकडा बांधावर सापडला. मामांना आनंद व्हावा की दुःख हे समजेना. आपलं खरं ठरलं, पण आता दीड कोसाच्या खेपांना काय अर्थ, या विचारात ते बादली घेऊन उभे राहिले आणि शेवटी त्या खेकड्याला पुन्हा ओढ्यातच सोडून आले, फक्त या खेपेला थोडं पुढं.

पण मला सांगायचंय ते ओलीबद्दल. बांधाच्या बाहेरच्या अंगाला, अगदी पायथ्याशी, एका करंजाच्या झाडाखाली साती आसरांचं ठाणं होतं. आसरा म्हणजे पाण्यातल्या देवता. सात दगड, त्यांना शेंदूर, एवढाच त्यांचा संसार. मंगळवारी, शुक्रवारी गावातल्या बायका येत, दगडांना पाणी घालत, हळदकुंकू वाहत आणि जात. एके वर्षी मामांना त्या दगडांच्या खालच्या अंगाला ओल दिसली. आधी ताटाएवढी, मग परातीएवढी. कोणीही म्हणालं असतं की बायका पाणी घालतात, त्याची ओल. गाव तेच म्हणालं. मामांना मात्र तेवढं एक कारण चालत नव्हतं, आणि त्याचं कारण मला मामींनी सांगितलं. मामा लहान असताना त्यांच्या मामांच्या गावी असाच मातीचा बांध होता आणि त्याच्या पायथ्याला ओल दिसली होती. म्हातारी माणसं म्हणाली, बायांनी घागर सांडली असेल. चार दिवसांनी तो बांध गेला. मामा त्या वेळी आजोळच्या माळवदावर उभे होते आणि खालून वाहून जाणारी माणसं त्यांच्या ओळखीची होती. हे कळल्यावर मी त्यांच्या अनवाणी चालण्याला पुन्हा कधी हसलो नाही.

तेव्हापासून आमच्या अहवालात दर महिन्याला तीच वाक्यं येऊ लागली: बांधाची हालत ठीक. एका जागी ओल आहे. कारण मालूम नाही. वरून उत्तर येई: कारण मालूम करून कळवावे. आम्ही लिहीत असू: मालूम करीत आहोत. हा पत्रव्यवहार दोन वर्षं चालला आणि त्यात दोन्हीकडून कुणी चुकीचं बोललं असं मला वाटत नाही. मामा रोज सकाळी ओल वितीनं मोजत. कधी ती तीन विती भरे, कधी पाच, आणि मंगळवार-शुक्रवारचा तिच्याशी काही संबंध दिसत नसे. मधल्याच एखाद्या बुधवारी ती एकदम बैलगाडीच्या चाकाएवढी होई. मामा वीत लावत, चव बघत, कान जमिनीला लावत आणि उठून म्हणत, "गोड हाय जावईबापू. तळ्याचंच पानी हाय." घरी आले की त्या रात्री त्यांना झोप नसे, लागलीच तर झोपेत कानडीत ओरडत, "नीरु बंतु, नीरु बंतु." म्हणजे पाणी आलं. मामांचं आजोळ कानडी मुलखातलं होतं. भीती वाटली की त्यांना तीच भाषा आठवे.

तिसऱ्या वर्षी पाऊस भरपूर झाला. दसरा उलटला तरी तळं काठोकाठ होतं आणि ओल चाकाच्या खाली यायला तयार नव्हती. मामांनी एकदाचा सोक्षमोक्ष लावायचं ठरवलं. गावात दवंडी दिली, की आठ दिवस कुणी आसरांना पाणी घालू नये, कोरडं हळदकुंकू वाहावं. बायका कुरकुरल्या. एक म्हातारी तर मामांना तोंडावर म्हणाली, "देवीला तहानलेली ठिवताव, मंग ती तुमचं तळंच प्याली तर?" हा मुद्दा मामांना पटण्यासारखा वाटला आणि ते दिवसभर बेचैन होते. तरी बायकांनी शब्द पाळला. आठ दिवस करंजाखाली कुणी घागर नेली नाही. आणि आठही दिवस सकाळी ओल जागच्या जागी, उलट रोज बोटभर वाढलेली.

आता काही शंकाच उरली नव्हती. बांध पाझरत होता. तळ्यातलं पाणी उतरवायचं तर मोरी पुरी उघडावी लागणार, आणि मोरी उघडली की रब्बीचं पाणी ओढ्याला जाणार, खालचे मळे वाळणार. न उघडावी तर मळ्यांच्या पुढं गाव होतं. वर लिहून विचारलं, तर मोहतमीम, म्हणजे त्या खात्याचे मोठे साहेब, यांच्याकडून उत्तर आलं की मुनासिब ती कारवाई करावी. मुनासिब म्हणजे योग्य. योग्य काय हेच तर आम्ही विचारलं होतं. पाटील मामांच्या ओट्यावर येऊन बसले. माणूस वाईट नव्हता, पण त्यांचा सगळा ऊस त्या पाण्याखाली होता. ते म्हणाले, "दारोगा, तुमच्या तळपायाला घाम आला असंल. त्याच्यापायी आमची बागायत वाळवताव व्हय?" मामा म्हणाले, "वाळली तर पुढल्या साली पुन्ना लावता येतीया पाटील. मानसं लावता येत न्हाईत." इतकं सरळ वाक्य मामांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. पाटील उठून गेले. मग मामा माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "बरुबर बोललो का म्या?"

मोरी उघडताना साक्षीदार हवा म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे मामा मला बोलवायला आले. एरवी ते अंघोळ आणि लिंगपूजा आटोपून उजाडल्यावर बांधावर जात. त्या दिवशी पूजा नंतर करू म्हणाले. मोरीकडे जाण्याआधी एकदा ओल बघून घ्यावी म्हणून आम्ही खालच्या वाटेनं करंजाकडे गेलो. फटफटत होतं. आसरांपुढं कुणीतरी उकिडवं बसून एकेका दगडावर पाणी घालत होतं. शेजारी घागर होती. आणखी चार पावलं पुढं गेलो तर त्या मामी होत्या.

मामांनी विचारलं, "हे काय करायलीस?"

"बघायलात न्हवं? पानी घालायलेय."

"घालू नका म्हनून दवंडी दिली व्हती म्या."

"गावातल्या बायांना दिली व्हती," मामी उरलेलं पाणी सातव्या दगडावर ओतत शांतपणे म्हणाल्या. "मला कवा सांगितलंत?"

हे अक्षरशः खरं होतं. मामांनी साऱ्या गावाला सांगितलं होतं, घरात सांगायचं त्यांना सुचलंच नव्हतं. मामी म्हणाल्या, तुम्ही झोपेत ओरडायला लागलात तेव्हापासून मी आसरांना नवस बोलले आहे, की बांध राखा, या माणसाला झोप लागू द्या, मी रोज सकाळी पाणी घालीन. रोज म्हणजे रोज, तुम्ही पूजेला बसलात की पाणी भरायला म्हणून निघते आणि येता येता इथं घालते. मामांनी विचारलं, पाणी कुठलं. तळ्याचं, आणखी कुठलं. मामांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणजे जिभेची काही चूक नव्हती. मग त्यांनी दारोगाच्या आवाजात विचारलं, "किती घालतीस? तांब्या का घागर?"

"तसं काय न्हाय. तुमाला रातीला झोप लागली असंल तर तांब्या. लई तळमळलात तर घागर." मामी उठल्या आणि लुगड्याला हात पुसत म्हणाल्या, "ह्या आठ दिसांत तर घागरीखाली भागलंच न्हाय. काल दोन घातल्या."

मी तिथंच एका दगडावर बसलो आणि हिशेब लावू लागलो. मामांना झोप लागली नाही की मामी घागर ओतत. घागर ओतली की ओल वाढे. ओल वाढली की मामांना झोप लागत नसे. इथवर जमलं. पण पहिली ओल कशाची? ती तर मामींच्या नवसाच्या आधीची. मंगळवारच्या बायकांची म्हणावी, तर मामांच्या आजोळच्या म्हाताऱ्यांनीही तेच म्हटलं होतं. मी जितका विचार करू लागलो तितका गुंता वाढत गेला आणि शेवटी मीही मामांसारखाच तोंड अर्धवट उघडं ठेवून ओलीकडे बघत राहिलो.

मामा म्हणाले, "आठ दिस तू बी थांब. मंग कळंल बांध पाझरतोय का तू पाझरतीस."

मामी म्हणाल्या, "थांबते की. मला काय. पन नवस मोडल्यावर बांधाला काय झालं तर मला बोलायचं न्हाय."

मामा करंजाला टेकून उभे राहिले. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. बांध पक्का आहे की नाही हे कळायचं तर पाणी थांबवायला हवं, आणि बांध आजवर टिकला तो या पाण्यामुळंच असेल तर थांबवणं म्हणजे आपल्या हातानं तो फोडणं. साहेबांनाही विचारायची सोय नव्हती. उर्दूत हे लिहायचं कसं तेच मला कळलं नसतं. शेवटी मामा म्हणाले, "नगं. घाल तू." मग आम्ही मोरीवर गेलो आणि त्यांनी ती उघडली, पण फक्त दोन बोटं. त्यानं पाटील नाराज झाले, मोरी पुरी उघडा म्हणणारे खालच्या आळीचे लोकही नाराज झाले. तळं थोडं उतरलं, ऊस थोडा वाळला आणि बांध जागेवर राहिला. याचं श्रेय कुणाला द्यायचं यावर गावात एकमत कधीच झालं नाही.

त्यानंतर ती दोघं पहाटे बरोबर जाऊ लागली. मामा आधी ओल मोजत, मग मामी पाणी घालत, मग मामा पुन्हा मोजत. सगळं गाव त्यांना बघून हसे आणि मामी पदर तोंडाला लावून स्वतःही हसत. मामांना झोप लागू लागली, त्यामुळं घागर सुटून तांब्या आला आणि ओल पुन्हा परातीएवढी झाली. यावर मामा म्हणाले, "आखडली खरी. पन आत दुसरीकडं वाट काढली नसंल कशावरनं?" मी म्हणे, मामा, आता तरी अहवालात कारण लिहून टाकू. ते मान हलवत. "अर्दं कारन तिचं धरलं तरी अर्दं ऱ्हातंयच की." आणि मी पुन्हा लिही: कारण मालूम नाही.

निजामी जायच्या आदल्या हिवाळ्यात मामी गेल्या. चार दिवसांचा ताप, एवढंच निमित्त झालं. सगळीकडे धामधूम चालू होती, गावोगाव माणसं भिऊन होती, बायकांनी आसरांकडे जाणंही सोडलं होतं, त्यात एका घरातली बाई जाणं ही काही मोठी गोष्ट नव्हती. पण मामा बांधावर जायचे थांबले. इतक्या वर्षांत हे कधी घडलं नव्हतं. ओट्यावर बसून राहत, कुणी बांधाचं विचारलं तरी काही बोलत नसत, आज तर हाय असंही म्हणत नसत. दहा-बारा दिवस गेल्यावर मीच एका सकाळी निघालो. टोकाशी वहाणा काढल्या. थंडीनं तळपाय बधिर झाले होते, त्यातून काय कळणार होतं कुणास ठाऊक, तरी चाललो आणि खाली उतरून करंजाखाली गेलो. दगडांवरचा शेंदूर सुकून पोपडे निघाले होते. खालची काळी माती कोरडी पडून तडकली होती. मी बोट घातलं, हात घातला, चिमूटभर जिभेवरही ठेवली. कुठं टिपूस नव्हता. बांध शाबूत होता, बहुधा आधीपासूनच होता. ज्या बातमीसाठी मामांनी अर्धं आयुष्य घातलं ती माझ्या हातात होती आणि मला तिथं उभ्या उभ्या रडू आलं.

मी येऊन सांगितलं, "मामा, कोरडं आहे."

"नीट बगितलंत?"

"वहाणा काढून."

त्यांनी माझ्या मातीनं भरलेल्या तळपायांकडे पाहिलं. मग म्हणाले, "म्हंजी समदं तिचंच व्हतं."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरावरून शाळेत जाताना ओटा रिकामा दिसला. बांधाकडे पाहिलं तर मामा अनवाणी परत येत होते आणि त्यांच्या हातात मामींचा तांब्या होता. महिनाअखेरीला ते नेहमीसारखे माझ्याकडे आले, मी दौत-टाक काढलं आणि ते नेहमीसारखं सांगू लागले. बांधाची हालत ठीक. एका जागी ओल आहे. पुढचं वाक्य मला पाठ होतं, ते मी सवयीनं लिहायलाही घेतलं, तेवढ्यात मामांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"थांबा जावईबापू," ते म्हणाले. "कारन मालूम हाय, असं लिवा."

मी तसं लिहिलं.